चुकलेली आज्ञा आणि तिची ओळख : ‘मेलमन’मधील आज्ञा-गाळणीची मराठीच्या अंगाने समीक्षा

बीजसंज्ञा : टपाल-यादी, आज्ञार्थ, विध्यर्थ, तात्पर्यनिर्णय, स्थानिकीकरण

१. प्रस्तावना

समीक्षेचा विषय सामान्यतः साहित्यकृती हा असतो. परंतु संगणकाची आज्ञावली हीसुद्धा माणसाने लिहिलेली एक संहिताच होय. तिच्यात लिहिणाऱ्याच्या भाषेविषयीच्या समजुती, त्याने गृहीत धरलेला वाचक आणि त्याची औचित्याची कल्पना उमटलेली असते. काही आज्ञावल्या तर दुसऱ्याने लिहिलेला मजकूर वाचून त्यामागील हेतू ठरवितात. अशा आज्ञावलीचे वाचन कितपत योग्य आहे, हा प्रश्न भाषेच्या अभ्यासकाच्या कक्षेतला आहे. प्रस्तुत लेखात अशाच एका लहानशा भागाची समीक्षा करावयाची आहे.

टपाल-यादी, म्हणजेच मेलिंग लिस्ट, ही एका पत्त्यावर आलेले ई-पत्र सर्व सभासदांना पोहोचविणारी व्यवस्था आहे. अशा यादीला किमान दोन पत्ते असतात. पहिला चर्चेचा; त्यावर आलेले पत्र सर्वांना जाते. दुसरा आज्ञेचा, त्यावर आलेले पत्र माणसांकडे न जाता यंत्राकडे जाते आणि यंत्र सभासदाचे नाव घालणे, कमी करणे, माहिती पुरविणे अशी कामे करते. सभासद अनेकदा दुसऱ्या पत्त्यावर धाडावयाचे पत्र पहिल्यावर धाडतो. ‘माझे नाव कमी करा’ ही एकट्या यंत्राशी बोलावयाची गोष्ट मग शेकडो अनोळखी माणसांसमोर जाते. अशी चुकलेली आज्ञा वाटेतच ओळखून थांबविण्यासाठी टपाल-यादीच्या आज्ञावलीत एक गाळणी बसविलेली असते. या गाळणीला मराठी माणसाची विनंती ओळखता येते काय, आणि येत नसल्यास का, हा या लेखाचा मुख्य प्रश्न आहे.

२. पूर्वपीठिका

टपाल-याद्यांची स्वयंचलित व्यवस्था ही १९८० च्या दशकातील गोष्ट आहे. एरिक थॉमस यांनी १९८६ मध्ये ‘लिस्टसर्व्ह’ तयार केली. ब्रेंट चॅपमन यांची ‘मेजरडोमो’ १९९२ मध्ये आली. जॉन व्हिएगा यांनी आरंभिलेली व पुढे बॅरी वॉर्सॉ आदींनी वाढविलेली ‘मेलमन’ ही ग्नू प्रकल्पातील मुक्त आज्ञावली असून तिची २.१ ही आवृत्ती २००२ च्या अखेरीस प्रसिद्ध झाली. ३.० ही आवृत्ती २०१५ मध्ये आली. विद्यापीठे, संशोधन संस्था व मुक्त सॉफ्टवेअरचे गट यांनी मेलमनचा मोठ्या प्रमाणावर स्वीकार केला. मुंबईच्या ग्नू/लिनक्स वापरकर्ता गटाची चर्चा-यादीही मेलमनवर चालत असे. मेलमनची संहिता सर्वांस खुली आहे, म्हणूनच तिची अशी समीक्षा करणे शक्य होते. पुढील विवेचन मुख्यतः २.१ या मालिकेस अनुलक्षून आहे.

३. गाळणीची रचना

मेलमनमधील या गाळणीचे नाव ‘अ‍ॅडमिनिस्ट्रिव्हिया’ असे आहे. तिच्याजवळ अकरा इंग्रजी शब्दांची एक यादी आहे : कन्फर्म, हेल्प, इन्फो, लिस्ट्स, ऑप्शन्स, पासवर्ड, रिमूव्ह, सेट, सबस्क्राइब, अनसबस्क्राइब आणि हू. प्रत्येक शब्दापुढे त्यानंतर कमीत कमी व जास्तीत जास्त किती शब्द येऊ शकतात याची संख्या दिलेली आहे. ‘हेल्प’नंतर एकही शब्द नसावा, ‘अनसबस्क्राइब’नंतर फार तर एक असावा, ‘सबस्क्राइब’नंतर तीनपर्यंत चालतील, ‘पासवर्ड’नंतर बरोबर दोनच असावेत.

गाळणी पत्राच्या मजकुरातील पहिल्या पाच ओळी आणि विषयाची ओळ तपासते. प्रत्येक ओळीतील पहिला शब्द यादीत आहे काय, हे ती पाहते. असल्यास उरलेले शब्द मोजते. मोजदाद जुळली की पत्र नियंत्रकाच्या निर्णयासाठी अडवून ठेवले जाते. ‘सेट’ या शब्दासाठी एक वेगळा अपवाद केलेला आहे. तो का केला हे आपल्यालाही ठाऊक नाही, अशा आशयाची टीप विकासकाने तेथेच लिहून ठेवली आहे. जुन्या पोथीच्या समासात लेखनिकाने केलेल्या नोंदीइतकीच ही टीप बोलकी आहे. आज्ञावलीतील नियम वारशाने पुढे येतात आणि त्यांचे कारण मागे राहते, हे तिच्यावरून दिसते.

या रचनेचे गुण मान्य केले पाहिजेत. ती अल्पाक्षरी आहे, वेगवान आहे आणि लांब पत्रांना सहसा हात लावीत नाही. यादीत ‘पासवर्ड’ हा शब्द घेण्यात दूरदृष्टीही आहे. जुना व नवा परवलीचा शब्द लिहिलेली आज्ञा चुकून चर्चेच्या पत्त्यावर गेली, तर तो गुप्त शब्द सर्व सभासदांच्या हाती पडेल. तेथे ही गाळणी सभासदाचे खरोखर रक्षण करते.

४. आज्ञा आणि आज्ञेचा उल्लेख

गाळणीची पहिली मर्यादा इंग्रजीतच उघड होते. इंग्रजी साहित्याच्या एखाद्या चर्चा-यादीवर ‘हू नोज?’ अशी दोन शब्दांची ओळ पहिल्या पाचांत आली, तर ती सभासदांची नावे मागणारी आज्ञा ठरते आणि पत्र अडते. ‘सबस्क्राइब टु अवर जर्नल’ हे आवाहनही अडते, कारण पहिल्या शब्दानंतर बरोबर तीन शब्द आहेत. उलट, कोणी ‘अनसबस्क्राइब’ लिहून पुढे पूर्णविराम दिला, तर विरामचिन्ह शब्दाला चिकटल्यामुळे तो यादीतील शब्दाशी जुळत नाही आणि पत्र सुखरूप सर्वांकडे जाते. स्पेलिंगमध्ये एक अक्षर गळले तरी तेच घडते. शिवाय ‘जॉइन’ व ‘लीव्ह’ या आज्ञा आज्ञेच्या पत्त्यावर मान्य असूनही गाळणीच्या यादीत त्यांचा समावेश नाही.

याचे मूळ शब्दाचा वापर आणि शब्दाचा उल्लेख यांतील भेदात आहे. हा भेद आपल्या परंपरेला नवा नाही. पाणिनीने ‘अष्टाध्यायी’च्या पहिल्याच पादात, व्याकरणशास्त्रात शब्दाने, तो पारिभाषिक संज्ञा नसेल तर, अर्थाऐवजी स्वतःच्या रूपाचा बोध होतो, असा संकेत घालून दिला. मीमांसकांनी वेदवाक्यांची विधी व अर्थवाद अशी विभागणी केली. कोणते वाक्य कृती करावयास सांगते आणि कोणते केवळ वर्णन वा प्रशंसा करते, हे ठरविल्यावाचून यज्ञकर्म चालू शकत नव्हते. पाश्चात्य विचारात जे. एल. ऑस्टिन यांनी १९५५ च्या हार्वर्ड व्याख्यानांत बोलणे हीच कृती कशी असते याची मांडणी केली; ती १९६२ मध्ये ग्रंथरूपाने आली. या सर्वांपुढील प्रश्न आणि गाळणीपुढील प्रश्न जातीने एकच आहे : हे वाक्य काही करावयास सांगते आहे, की कशाविषयी तरी बोलते आहे?

तात्पर्यनिर्णयासाठी परंपरेने उपक्रम-उपसंहार, अभ्यास, अपूर्वता, फल, अर्थवाद व उपपत्ती अशी सहा लिंगे सांगितली आहेत. त्यांतील पहिल्याच लिंगात आरंभ व शेवट यांची जोडी आहे. दोन्ही एकत्र पाहिल्याशिवाय तात्पर्य ठरत नाही. मेलमनची गाळणी मात्र केवळ उपक्रम वाचते. ओळीत ती पहिला शब्द पाहते आणि पत्रात पहिल्या पाच ओळी. उपसंहाराकडे ती वळतच नाही.

५. मराठी विनंतीचे व्याकरण

इंग्रजीत आज्ञार्थी वाक्याचा आरंभ क्रियापदाने होतो. म्हणून ओळीतील पहिला शब्द पाहण्याची युक्ती इंग्रजीपुरती बरीच यशस्वी होते. मराठीत क्रियापद सामान्यतः वाक्याच्या अखेरीस येते. ‘माझे नाव यादीतून काढा’ या वाक्यात आज्ञा शेवटच्या शब्दात आहे. पहिल्या शब्दावरून फक्त बोलणारा कळतो. येथे गाळणीचा दोष शब्दसंग्रहाचा नसून वाक्यरचनेचा आहे, हे लक्षात घेतले पाहिजे. अकरा शब्दांचे मराठी भाषांतर करून यादीत घातले तरी गाळणी मराठीत चालणार नाही, कारण ती चुकीच्या जागी पाहत राहील.

दुसरी गोष्ट अर्थाची, म्हणजे क्रियापदाच्या आख्यातरूपाची. मोरो केशव दामले यांच्या ‘शास्त्रीय मराठी व्याकरण’ या १९११ च्या ग्रंथापासून आजच्या शालेय पुस्तकांपर्यंत स्वार्थ, आज्ञार्थ, विध्यर्थ व संकेतार्थ हे भेद परिचित आहेत. मराठी माणूस अनोळखी वाचकाला किंवा कार्यालयाला लिहिताना आज्ञार्थ सहसा टाळतो. तो ‘माझे नाव कमी करावे’ असा विध्यर्थ योजतो, किंवा त्याहून औपचारिक असे ‘माझे नाव वगळण्यात यावे, ही विनंती’ असे कर्मणी वळण घेतो. विषयाच्या ओळीत तो ‘नाव कमी करणेबाबत’ असे लिहितो; तेथे तर क्रियापदाचे नामच झालेले असते. कधी तो केवळ ‘हल्ली फार मेल येतात’ एवढेच म्हणतो आणि उरलेले समजून घेण्याची जबाबदारी वाचणाऱ्यावर टाकतो. या सर्व प्रकारांत हेतू एकच आहे, आणि सर्व प्रकार गाळणीतून अलगद निसटतात.

मराठी पत्रलेखनाचा इतिहासही येथे उपयोगी पडतो. मोडी पत्रव्यवहारात मायन्यावरून लिहिणाऱ्याचे व वाचणाऱ्याचे नाते कळे आणि पत्र आज्ञेचे आहे, विनंतीचे आहे की आशीर्वादाचे, याचा अंदाज येई. आजच्या अर्जातील ‘प्रति’, ‘विषय’, ‘महोदय’ आणि अखेरचे ‘ही विनंती’ हे त्याच रीतीचे वंशज आहेत. म्हणजे मराठी पत्र आपला हेतू लपवीत नाही. ते तो पत्राच्या दोन टोकांना, ठरलेल्या शब्दांत सांगते. ज्याला ही रीत ठाऊक आहे त्याला अर्ज ओळखणे अवघड नाही.

तिसरी गोष्ट लिपीची. देवनागरीतील विषयाची ओळ ई-पत्रातून प्रवास करताना बहुधा रोमन अक्षरे व अंक यांच्या सांकेतिक रूपात जाते. ही पद्धत १९९६ च्या आंतरजाल मानकात निश्चित झाली. तिचा उलगडा न करता ओळ वाचणाऱ्या गाळणीला मराठी विषय म्हणजे अर्थहीन अक्षरांची एक माळ दिसते. रोमन लिपीत मराठी लिहिणाऱ्यांची गत आणखी चमत्कारिक आहे. रोमन अक्षरांत ‘अनसबस्क्राइब करा’ असे लिहिले तर पत्र अडते, कारण इंग्रजी शब्दानंतर एकच शब्द आहे. ‘अनसबस्क्राइब करा प्लीज’ असे लिहिले तर अडत नाही, कारण दोन शब्द झाले. ‘मला अनसबस्क्राइब करा’ असे लिहिले तरीही अडत नाही, कारण पहिला शब्द ‘मला’ आहे. सौजन्याचा एक शब्द वाढविणाऱ्या किंवा स्वतःचा उल्लेख करणाऱ्या सभासदाचे खाजगी पत्र सर्वांसमोर जाते, आणि तुटक बोलणाऱ्याचे झाकले जाते. इतका विपरीत न्याय कोणी हेतुपुरस्सर योजलेला नाही; तो रचनेतून आपोआप घडतो.

मराठीसाठी केवळ शब्द शोधणारी वेगळी गाळणी केली तरी अडचण संपणार नाही. राज्यशास्त्राच्या प्राध्यापकांच्या यादीवर मतदार याद्यांची चर्चा चालू आहे असे समजू. मतदार यादीतील नाव वगळण्यासाठी नमुना क्रमांक ७ भरावा लागतो. त्या चर्चेत ‘यादीतून नाव वगळावे’ हे शब्द वारंवार येतील, आणि त्यांपैकी एकही वाक्य टपाल-यादीला उद्देशून नसेल. ‘माझे’ किंवा ‘मला’ हा प्रथमपुरुष, अखेरचा विध्यर्थ, ‘ही विनंती’ हा उपसंहार आणि पत्राचा लहान आकार, ही लक्षणे एकत्र आली तरच अर्जाचा संशय घ्यावा लागेल. यांपैकी एकेक लक्षण सुटे पुरेसे नाही.

६. नाव आणि वागणूक

‘अ‍ॅडमिनिस्ट्रिव्हिया’ हा शब्द प्रशासन व क्षुल्लक बाबी या अर्थांच्या दोन इंग्रजी शब्दांचा सांधा आहे. व्यवस्थापकाच्या दृष्टीने सभासदाची विनंती हा किरकोळ कारभार असेल. सभासदाच्या दृष्टीने मात्र तो त्याचा निर्णय असतो. अडविलेल्या पत्राच्या लेखकाला मिळणाऱ्या सूचनेत कारण म्हणून हाच शब्द येतो. इंग्रजीत पदवी घेतलेल्यालाही तो सहज कळेल असे नाही. योग्य पत्ता कोणता, हे सांगणारा मजकूर आज्ञावलीत तयार आहे. परंतु नियंत्रकाने पत्र नाकारले तर तो पुढे करावयाचा, अशी योजना आहे. म्हणजे ज्या क्षणी माणसाला वाट दाखवावयाची, त्या क्षणी त्याला थांबवून ठेवले जाते, आणि वाट दाखविणे तिसऱ्याच्या सवडीवर सोपविले जाते.

शब्दांची यादीही आज्ञावलीच्या पोटात बंद आहे. यादीच्या व्यवस्थापकाला गाळणी चालू वा बंद करता येते. शब्द बदलता येत नाहीत. पडद्यावरील मजकूर अन्य भाषेत आणला तरी या यादीतील शब्द इंग्रजीच राहतात. भाषांतर झालेल्या आज्ञावलीला आपण ‘स्थानिक’ म्हणतो, पण पडदा बदलला म्हणून वाचनाची रीत बदलत नाही, हा यातून मिळणारा व्यापक धडा आहे.

७. आक्षेपांचा विचार

पहिला आक्षेप असा की हा प्रश्न आता कालबाह्य झाला आहे. याहू ग्रुप्स १५ डिसेंबर २०२० रोजी बंद झाले आणि गप्पांचा ओघ भ्रमणध्वनीवरील गटांकडे वळला, हे खरे आहे. पत्राच्या शीर्षभागातच नाव कमी करण्याचा दुवा देण्याचे मानक १९९८ मध्ये आले. एका टिचकीत ते काम करण्याची रीत २०१७ मध्ये ठरली, आणि २०२४ पासून गुगल व याहू यांनी घाऊक पत्रे पाठविणाऱ्यांवर ती बंधनकारक केली. तथापि संशोधन संस्था, विद्यापीठे व मुक्त सॉफ्टवेअरचे प्रकल्प यांच्या याद्या आजही चालू आहेत; विकिमीडियाने आपल्या याद्या २०२१ मध्ये मेलमन ३ वर नेल्या. शिवाय दुवा दिसत असूनही माणूस पत्राला उत्तर देऊनच आपले म्हणणे मांडतो, हा मानवी स्वभाव आहे. लिहिणाऱ्याची सवय मानकाने बदलत नाही.

दुसरा आक्षेप असा की आजच्या कृत्रिम बुद्धिमत्तेच्या भाषा-प्रतिमानांना हा हेतू सहज ओळखता येईल. बहुतांशी येईलही. परंतु त्यासाठी प्रत्येक सभासदाचे प्रत्येक पत्र एखाद्या मोठ्या यंत्राला समग्र वाचू द्यावे लागेल, आणि लहान महाविद्यालयाच्या बाबतीत ते यंत्र बहुधा दुसऱ्या कोणाच्या ताब्यात असेल. एक विनंती झाकण्यासाठी सर्व पत्रे उघडी करणे हा व्यवहार महागाचा आहे. मराठी अर्जाची रीत इतकी ठरीव आहे की त्याहून साध्या साधनांनी पुष्कळ काम होऊ शकते.

तिसरा आक्षेप अधिक गंभीर आहे : इंग्रजी भाषक विकासकांना मराठीच्या वाक्यरचनेबद्दल दोष का द्यावा? दोष द्यावयाचा नाहीच. मेलमन मुक्त आहे. तिच्यात भर घालण्यास कोणाचीही आडकाठी नव्हती. महाराष्ट्राचा राजभाषा अधिनियम १९६४ चा आहे, भाषा संचालनालय १९६० पासून काम करीत आहे आणि शासनव्यवहाराची मराठी परिभाषा त्याने परिश्रमपूर्वक सिद्ध केली. त्या परिभाषेचा उपयोग यंत्राला मराठी अर्ज वाचावयास शिकविण्यासाठी करावा, हे काम विद्यापीठांच्या भाषा व संगणक विभागांनी एकत्र येऊन हाती घ्यावयाचे होते. या उणिवेचा मोठा वाटा आपल्या पदरात येतो.

८. काही सूचना

वरील विवेचनावरून तीन सूचना कराव्याशा वाटतात. पहिली, गाळणीचे शब्द व नियम आज्ञावलीच्या बाहेर, यादीच्या व्यवस्थापकाला बदलता येतील अशा रीतीने ठेवावेत. त्यांत शब्दाबरोबर त्याची वाक्यातील जागाही नोंदविण्याची सोय असावी, म्हणजे मराठीसाठी ओळीचा शेवट आणि पत्राचा शेवट तपासता येईल. दुसरी, ‘-णेबाबत’ने संपणारी विषयाची ओळ व ‘ही विनंती’ हा समारोप यांसारखी अर्जाची लक्षणे प्रथमपुरुषासह एकत्रितपणे विचारात घ्यावीत.

तिसरी सूचना सर्वांत महत्त्वाची आहे. संशय आल्यास पत्र अडवून न ठेवता तत्काळ लेखकालाच, त्याच्या भाषेत, विचारावे : ‘आपणांस यादीतून नाव कमी करावयाचे आहे काय? असल्यास या पत्रास उत्तर द्या. हे पत्र सर्वांना पाठवावयाचे असल्यास तसे कळवा.’ लेखकाकडून पुष्टी मागण्याची यंत्रणा मेलमनमध्ये सभासदत्वासाठी पूर्वीपासून आहे. तीच येथे वापरता येईल. हेतूविषयीचा निर्णय मग यंत्राने वा नियंत्रकाने न घेता ज्याचा हेतू आहे त्यानेच घेतला, असे होईल. त्र्यंबकेश्वरी येणाऱ्या यात्रेकरूला क्षेत्रोपाध्याय प्रथम गाव व आडनाव विचारतात आणि त्याच्या घराण्याची नामावळी ज्यांच्याकडे असेल त्यांच्याकडे त्याला पाठवितात. चुकून दुसऱ्या दारी आलेला यात्रेकरू तेथे ताटकळत बसत नाही. एका प्रश्नाने त्याला त्याचे दार सापडते. चुकलेल्या पत्राशी वागण्याचा याहून चांगला नमुना शोधावयास दूर जाण्याची गरज नाही.

९. समारोप

या गाळणीत ओळखली जाते ती आज्ञा नसून इंग्रजी आज्ञार्थी वाक्याचा एक साचा आहे, असा या समीक्षेचा निष्कर्ष आहे. साच्यात बसणारा सभासद संरक्षण मिळवितो. न बसणारा उघडा पडतो. त्र्यंबकेश्वरसारख्या आदिवासीबहुल तालुक्यात अनेक विद्यार्थ्यांना प्रमाण मराठीदेखील शाळेत शिकावी लागते. इंग्रजी आज्ञा ही त्यांच्यासाठी तिसरी पायरी आहे. उद्या असा विद्यार्थी संशोधक म्हणून एखाद्या विद्वज्जनांच्या यादीत सामील होईल आणि नम्रपणे, अर्जाच्या रीतीने, आपले म्हणणे चुकीच्या पत्त्यावर लिहील. त्याची ती विनंती शेकडो जणांपुढे जावी की केवळ त्याच्याच हाती परत यावी, हे आज अकरा इंग्रजी शब्दांवर अवलंबून आहे. ती यादी बदलणे तांत्रिकदृष्ट्या लहान काम आहे. त्यासाठी लागणारे व्याकरण मराठीच्या अध्यापकांजवळ आहे आणि आज्ञावली लिहिण्याचे कौशल्य शेजारच्या संगणक विभागात आहे. या दोन विभागांनी एकत्र बसून कामास आरंभ करावा, एवढीच अपेक्षा.